मोटार शर्यतमार्ग

मोटारगाड्या व मोटारसायकली यांच्या वेगाच्या शर्यतींसाठी बांधलेला, फिरून आरंभस्थानी येणारा बंदिस्त मार्ग. आरंभी अशा शर्यती एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत सार्वजनिक रस्त्यांवरून होत. १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत प्राणहानी झाल्याने ती बॉर्दो येथेच थांबविण्यात आली. त्यानंतर बंदिस्त मार्गांकडे कल वाढला. इंग्लंडमधील ब्रुकलंड्स (१९०७) व अमेरिकेतील इंडियानापोलिस (१९०९) हे खास बांधलेले आरंभीचे प्रमुख मार्ग होत.

गाडीला वळणाच्या केंद्राकडे ओढणारी प्रेरणा टायर व रस्ता यांतील घर्षणातून मिळते. वेग दुप्पट झाल्यास ही प्रेरणा चौपट लागते. म्हणून काही वळणांवर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात. पृष्ठभाग सपाट पण पकड देणारा असावा लागतो. धूळ किंवा साचलेले पाणी यांमुळे पकड घटते, त्यामुळे निचऱ्याची व्यवस्था महत्त्वाची ठरते. घसरलेल्या गाडीचा वेग मंदावण्यासाठी वळणाबाहेर मोकळी जागा, खडीचे पट्टे व टायरांच्या भिंती ठेवतात. ल मां येथे १९५५ मध्ये गाडीचे अवशेष प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर प्रेक्षकांच्या संरक्षणाकडे अधिक लक्ष देण्यात येऊ लागले.

भारतात स्वातंत्र्योत्तर काळात मद्रासजवळील (चेन्नई) शोलावरम येथील, दुसऱ्या महायुद्धकाळातील धावपट्टीवर शर्यती होत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने (स्थापना १९५३) पुढे इरुंगाट्टुकोट्टई येथे सु. ३·७ किमी. लांबीचा स्वतंत्र मार्ग बांधला. तो १९९० मध्ये वापरात आला. उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग २०११ मध्ये खुला झाला. त्याची लांबी ५·१२५ किमी. असून त्यावर १६ वळणे आहेत. जर्मन वास्तुविशारद हेरमान टिल्क यांच्या आराखड्यात चढउतारांचा व काही रुंद वळणांचा हेतुपुरस्सर उपयोग केलेला आहे. त्यांमुळे गाड्यांना एकमेकींना मागे टाकण्याची संधी मिळते.

या मार्गावर फॉर्म्युला वनची भारतीय ग्रांप्री २०११ ते २०१३ या तीन वर्षीच झाली. तिन्ही शर्यती जर्मनीच्या सेबास्टियान फेटलने जिंकल्या. करमणूक कर, सीमाशुल्क व परकीय आयोजकांच्या उत्पन्नावरील कर यांविषयीच्या वादांमुळे ती खंडित झाली. आयोजक परकीय संस्थेचे येथे कायम आस्थापन असल्याने तिचे संबंधित उत्पन्न भारतात करपात्र आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये येथे मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. बांधणी उत्तम असली, तरी शर्यतींचा नियमित कार्यक्रम व करविषयक स्पष्टता यांवाचून असा मार्ग दीर्घकाळ उपयोगात राहू शकत नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.