वाहनाच्या वायपरची मोटर घरच्या घरी कशी बदलावी?

दूध, फळे व भाजीपाला बाजारात पोहोचविण्यासाठी आज गावोगावी छोटी मालवाहू वाहने वापरली जातात. मृग नक्षत्रापूर्वी त्यांचे टायर व ब्रेक बहुधा तपासले जातात. परंतु काच पुसणाऱ्या वायपरकडे कोणी लक्ष देत नाही. रात्री घाटात मुसळधार पाऊस लागला असता वायपर बंद पडल्यास चालकास समोरचे काहीच दिसत नाही, आणि माल व माणसे दोन्ही धोक्यात येतात. हे काम थोडीशी हत्यारे व सावधपणा असल्यास घरीही करता येते.

दोष कोठे आहे?

वायपर बंद म्हणजे मोटरच बिघडली, असे समजून खर्च करू नये. प्रथम फ्यूज पाहावा. मोटरीचा आवाज येत असून वायपर हलत नसतील, तर वायपरच्या बुडाचा नट सैल झालेला असतो किंवा जोडदांडा निखळलेला असतो. तो बसविला म्हणजे काम भागते. आवाजच येत नसल्यास बटण चालू ठेवून मोटरीच्या तारांच्या जोडणीत बारा व्होल्टचा चाचणी दिवा लावून पाहावा. दिवा लागला व मोटरीची जमिनीची तार घट्ट असली, तरच दोष मोटरीत आहे असे समजावे.

जुनी मोटर काढणे

वायपर खाली विसावले असताना काचेवर त्यांच्या जागी खडूने खूण करावी. नंतर बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडावी. काचेवर जाड कापड अंथरून वायपर काढावेत. स्प्रिंगचा दांडा काचेवर आपटल्यास काच तडकते. काचेखालचे झाकण काढले म्हणजे मोटर व जोडदांडे दिसतात. मोटरीच्या दांडीवरील क्रँकच्या जागेची खूण करून ठेवावी. तिचा नट सोडताना क्रँक दुसऱ्या पान्याने धरावी, म्हणजे आतील दातेरी चाकांवर ताण येत नाही. त्यानंतर तारा व बोल्ट सोडून मोटर बाहेर घ्यावी.

नवी मोटर बसविणे

वाहनाच्या त्याच नमुन्याची मोटर आणावी. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बटण बंद केल्यावर वायपर नेहमी खालीच येऊन थांबावेत, अशी सोय मोटरीतच केलेली असते. म्हणून क्रँक बसविण्यापूर्वी मोटर बोल्टांनी पक्की करून तारा व बॅटरी जोडावी, ती क्षणभर चालवावी आणि बटणानेच बंद करावी. ती आपल्या विश्रामस्थानी थांबली म्हणजे बॅटरी पुन्हा सोडून क्रँक खुणेवर बसवावी. ही काळजी न घेतल्यास वायपर काचेच्या मध्येच थांबतात किंवा चौकटीवर आपटून नवी मोटरही खराब होते.

जोडदांड्यांच्या सांध्यांना थोडे ग्रीस लावावे. शेवटी वायपर खडूच्या खुणेवर बसवून, काचेवर पाणी ओतून दोन्ही वेगांत चाचणी घ्यावी. कोरड्या काचेवर वायपर चालवू नयेत.

दक्षता

बॅटरी जोडलेली असताना जोडदांड्यांत हात घालू नये. बोटे चिरडण्याचा धोका असतो. तसेच रबरी पट्टी कडक झाली असल्यास तीही याच वेळी बदलावी, कारण तिच्या अडथळ्याने मोटरीवर भार पडतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच गावातील वाहनधारकांना ही तपासणी करण्यास सांगावे. वायपर कोरड्या दिवसांत दुरुस्त करणे सोपे असते. भर पावसात वाटेत ते शक्य होत नाही.