इंजिनाचा जादा खुराक

जालन्याहून देऊळगाव राजाकडे सळ्या लादून येणारी मालमोटार चढाला लागली, की तिच्या घरघरीत एक बारीक शिट्टी मिसळलेली ऐकू येते. ती शिट्टी टर्बोचार्जरची असते. मालमोटारीला ओझे ओढण्यासाठी जे साधन उपयोगी पडते, तेच लहान मोटारीला शर्यतीचा वेग देण्यासाठीही वापरतात. ते नेमके काय करते, हे आज पाहू.

इंजिनाची शक्ती कशावर अवलंबून असते, असे विचारले तर आपण चटकन ‘पेट्रोलवर’ असे उत्तर देतो. ते अर्धेच खरे आहे. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. पेट्रोल द्रव असल्यामुळे ते हवे तितके आत सोडता येते. हवा मात्र सिलिंडरात मावेल तेवढीच येते. म्हणून इंजिन किती हवा घेते, यावर त्याची शक्ती ठरते.

थोडा हिशेब करू. २०१६ साली आलेल्या टाटांच्या टियागो मोटारीचे पेट्रोल इंजिन ११९९ घन सेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ १.२ लिटरचे होते. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो. मिनिटाला ६००० फेरे होत असतील आणि सिलिंडर दर वेळी पूर्ण भरत असेल, तर मिनिटाला ३००० × १.२ = ३६०० लिटर हवा आत जाईल. १ घनमीटर हवेचे वस्तुमान १.१ किलोग्रॅम धरले, तर ही हवा सुमारे ४ किलोग्रॅम भरते. तिच्यात २७० ग्रॅम पेट्रोल जळेल. १ ग्रॅम पेट्रोलपासून सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ १२,००० किलोज्यूल, अर्थात २०० किलोवॅट. यातील सुमारे ३० टक्केच ऊर्जा क्रँक फिरवण्याच्या कामी येते. ती झाली ६० किलोवॅट, म्हणजे ८२ अश्वशक्ती. कंपनीने दिलेला आकडा ८५ आहे!

आता गंमत पाहा. २०१८ साली टाटा मोटर्स आणि कोइमतूरची जयेम ऑटोमोटिव्ह्‌ज यांनी मिळून याच मोटारीची वेगवान आवृत्ती काढली. तिचे नाव टियागो जेटीपी. इंजिनाचे आकारमान तेच, ११९९ घन सेंटिमीटर. पण त्याला टर्बोचार्जर होता आणि शक्ती होती ११४ अश्वशक्ती. ही एक तृतीयांशाहून जास्त वाढ आली कोठून?

ती आली वाया जाणाऱ्या ऊर्जेच्या साहाय्याने. पेट्रोलच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा जळालेल्या वायूंबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पातेचाके असतात. बाहेर पडणारे तप्त वायू एका चाकाला फिरवतात, त्याबरोबर दुसरे फिरते आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबते. ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. स्वित्झर्लंडचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर एक विमानाचे इंजिन चालवून पाहिले. पायथ्यापासून दूर, समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन विरळ हवेत २३० वर आले होते. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ अश्वशक्ती देऊ लागले.

मग नुसता दाब वाढवत गेले की झाले, असे तुम्हांला वाटेल. पण निसर्ग फुकट काही देत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे तुम्ही अनुभवले असेल. आपल्याकडील उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअसची हवा टर्बोचार्जरने दुप्पट दाबाला नेली, तर तिचे तपमान १३० ते १४० अंशांवर जाते. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही घनता दीडपटच होते. म्हणून रेडिएटरसारखा इंटरकूलर मध्ये बसवून ती थंड करतात. ६० अंशांपर्यंत आणली, तर घनता सुमारे १.९ पट होते.

दुसरे संकट अधिक गंभीर. पिस्टन हे मिश्रण आणखी दाबतो. ते फार तापले, तर ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच त्याचा काही भाग आपोआप भडकतो. मेकॅनिक मंडळी याला नॉकिंग म्हणतात. त्याच्या माऱ्याने पिस्टन फुटू शकतो. हे टाळण्यासाठी दाब ठरावीक मर्यादेवर गेला, की एक झडप उघडून तप्त वायूंना टर्बोला वळसा घालून जाऊ देते. जादा बळाच्या मोहाने ही झडप जखडून ठेवली, तर काही मिनिटांत इंजिन भंगारात जाऊ शकते.

आणि इंजिन टिकले तरी गाडीचे काय? वेग ताशी ६० किलोमीटरवरून ८५ झाला, की गतिज ऊर्जा दुप्पट होते. ती सारी ब्रेकांना आणि टायरांना जिरवावी लागते. म्हणूनच जेटीपीमध्ये गिअरची प्रमाणे बदलली, टायर रुंद केले, गाडी किंचित खाली बसवली. एक भाग बळकट केला, की बाकीचे भाग त्याच्या तोडीचे करावे लागतात. नोंदणी-पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे, तिच्यामागेही हाच विचार दिसतो.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. देऊळगाव राजा समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहे आणि येथील हवा सुमारे ५ टक्के विरळ आहे. साध्या टियागोची किती अश्वशक्ती येथे कमी होईल? आणि जेटीपीची घट त्यापेक्षा कमी असेल की जास्त? कागद-पेन्सिल घ्या आणि कारणासह उत्तर काढा.