उलट्या टेपची मोहिनी

नोव्हेंबर १९६६. लॉस एंजेलिसच्या ‘द इलेक्ट्रिक प्रून्स’ या बँडची ‘आय हॅड टू मच टू ड्रीम (लास्ट नाइट)’ ही तबकडी बाजारात आली. सुरू होताच एक गुरगुर लांबून येते, फुगत जाते आणि कानावर आदळते. ती गिटार आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

या आवाजाची जन्मकथा गायक जेम्स लोवने सांगून ठेवली आहे. टेप संपली की उलटी लावून तीच पुन्हा वापरायची, असा त्यांचा काटकसरीचा कारभार. एकदा रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहून गेलं आणि टेपवरचं जुनं वादन उलटं, कानठळ्या बसवत वाजलं. बँडचा गिटारवादक केन विल्यम्सने ‘फझ’ हा खरखरीत परिणाम लावून, गिटारची कंपनदांडी हलवत थरथरवलेले ते सूर होते. लोवने तो तुकडा कापून जपायला लावला.

गाणं मात्र बँडचं नव्हतं. ॲनेट टकर आणि नॅन्सी मॅन्ट्झ या व्यावसायिक जोडीने ते लिहिलं होतं. दुरावलेली प्रेयसी स्वप्नात येते, जाग आली की नाहीशी होते, एवढाच विषय. एलएसडीच्या त्या दिवसांत असं शीर्षक नशेची आठवण करून देणारच, पण आत होता तो साधा विरह. दबकत चालणारं कडवं, उसळणारं ध्रुवपद आणि तीन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. १९६७च्या सुरुवातीला ते ‘बिलबोर्ड’च्या यादीत अकराव्या क्रमांकावर गेलं.

पुढे विचित्रपणा ठरवून आणायची वेळ आली. १९६८च्या ‘मास इन एफ मायनर’ या अल्बममध्ये संगीतकार डेव्हिड ॲक्सलरॉडने लॅटिन प्रार्थनांना रॉकची जोड दिली. त्याच्या स्वररचना बँडला झेपेनात, म्हणून बाहेरचे वादक आणले गेले. थोड्याच काळात मूळ मंडळी पांगली; १९६९चा अल्बम त्याच नावाखाली नव्याच लोकांनी केला.

१९७२मध्ये लेनी केने विस्मृतीत चाललेल्या गॅरेज बँडांची २७ गाणी ‘नगेट्स’ या संग्रहात गोळा केली आणि पहिला मान याच गाण्याला दिला. पुढच्या पिढीला ते तिथे भेटलं.

‘मास’ची भव्यता आज कुतूहलाने ऐकली जाते, हे गाणं मात्र ऐकून झालं की पुन्हा लावावंसं वाटतं. त्यातला चमत्कारिक आवाज कोणी योजला नव्हता, आणि तो ज्या दुःखाभोवती घुमतो ते कोणालाही ओळखीचं आहे.