संगीतबारीचे थिएटर

संगीतबारीचे थिएटर म्हणजे लावणी गाणाऱ्या-नाचणाऱ्या पार्ट्यांचे मुक्कामाचे ठिकाण. ढोलकीफडाचा तमाशा तंबू घेऊन जत्रांमागे फिरतो आणि गण, गौळण, वग असा पूर्ण खेळ करतो. संगीतबारीत वग नसतो. गाणे, नाच आणि अदा एवढ्यावर रात्र काढायची असते. पुण्याच्या गणेश पेठेतील आर्यभूषण, दौंड तालुक्यातील चौफुला, मोडनिंब, सणसवाडी, जामखेड ही या थिएटरांची जुनी ठिकाणे.

थिएटरच्या आवारात खोल्या असतात. नर्तकी, त्यांची मुले, वयस्क मावश्या आणि वादक तिथेच राहतात. पार्टीची मालकीण बहुधा स्वतः एकेकाळची नर्तकी, आणि पार्टी तिच्या नावाने ओळखली जाते. ढोलकी, तबला आणि पेटी वाजवणारे पुरुष तिच्या हाताखाली असतात. चाळ बांधण्याआधी नर्तकी ते कपाळाला लावते. मग पार्ट्या पाळीपाळीने रंगमंचावर येतात. या पाळीलाच बारी म्हणतात.

तिकिटाच्या उत्पन्नात थिएटरमालकाचा वाटा असतो. पार्टीची खरी कमाई दौलतजादेवर चालते. प्रेक्षक नोट पुढे करतो, आवडीच्या लावणीची फर्माईश सांगतो, आणि ती रक्कम नंतर नर्तकी व वादकांत वाटली जाते. निवडक रसिकांसाठी वेगळ्या खोलीत बैठक होते. तिथे पायांपेक्षा चेहरा आणि हात बोलतात: नर्तकी बसूनच एकेका ओळीचा अर्थ वेगवेगळ्या अदेने उलगडत जाते. २०१२ साली पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई वाईकर या बैठकीच्या लावणीतील मोठे नाव.

या वैभवाची दुसरी बाजू कलेच्या कौतुकात झाकली जाते. यातल्या अनेक नर्तकी ज्या कोल्हाटी समाजातल्या, त्या समाजात नर्तकीने लग्न करायचे नाही, एखाद्या धनिकाकडून तिचा ‘चिरा’ (कौमार्य) उतरवायचा आणि तिच्या मिळकतीवर घर चालवायचे, असा रिवाज होता. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनाने १९९४ मध्ये ते जगणे आतून मांडले.

कोकणात ही थिएटरे रुजली नाहीत. तिथली हौस जाखडीने, बाल्या नाचाने भागवली. तिथून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांना मात्र तमाशाचे थिएटर शहरातच भेटले. आधी ग्रँट रोडच्या पिला हाऊस परिसरात, जिथे पठ्ठे बापूराव आणि पवळाबाईंचे नाव गाजले. पुढे लालबागच्या हनुमान थिएटरमध्ये. १९४० च्या दशकात नेराळे कुटुंबाने उभारलेले हे थिएटर गिरणगावाच्या पगारावर तरले. घाटावरचे आणि कोकणातले कामगार शेजारी बसून एकाच लावणीवर शिट्ट्या मारत. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो प्रेक्षकच विखुरला. हनुमान थिएटर कसेबसे १९९० च्या दशकापर्यंत टिकले. पुढे त्या जागेत लग्नाचे सभागृह झाले.

उरलेल्या थिएटरांत आता चित्रपटगीतांची आणि ध्वनिमुद्रित संगीतावरच्या नाचाची मागणी जास्त आहे, त्यामुळे ढोलकीवाल्याचे काम घटते. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीतबारी’ हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांच्यासह केलेला त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रम यांमुळे बैठकीच्या लावणीला शहरी नाट्यगृहात नवा श्रोता मिळाला. तो तिकीट काढून शांत बसतो. पाचशेची नोट दाखवून हवी ती लावणी मागण्याचा हक्क त्याला नाही.