भिंतीची ओल आणि दमेकऱ्याचा श्वास

अंत्रुज महालात पावसाने जोर धरला की फोंड्यातील माझ्या दवाखान्यात दमेकऱ्यांची वर्दळ वाढते. छाती तपासून झाली की मी एक प्रश्न आवर्जून विचारतो, "झोपण्याच्या खोलीत कुबट वास येतो काय?" उत्तर बहुधा होकारार्थी असते.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते. गादी-उशीतील धूळकिडे पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प शोषून जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांखाली टिकून राहिली तर ते तग धरीत नाहीत, वाढली की फोफावतात. बुरशीला तर ओली भिंत पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत घरातील ओल व बुरशी यांचा दम्याशी असलेला संबंध नोंदविला आहे.

आपली जुनी घरेही ओलीपासून मुक्त नव्हती. चिऱ्यांची भिंत जमिनीतील पाणी वर ओढून घेतेच. परंतु कौलांच्या फटींतून व राजांगणातून वारा खेळत असे आणि चुलीची धग घर शेकत असे. तिच्या धुराने छातीचे नुकसान होई, हेही विसरता येत नाही. आजच्या सदनिकेत चूल गेली, फटी बुजल्या आणि ओले कपडे मात्र आतच वाळू लागले. त्यांतील लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्याच हवेत मिसळते.

मग करावे काय? गळती शोधून ती आधी बंद करावी. ओलीवर रंग चढविल्याने बुरशी फक्त झाकली जाते. न्हाणीघरात व स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा असावा. कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. मुसळधार पावसात खिडक्या उघडून घर कोरडे होत नाही. उघाड पडताच त्या सताड उघडाव्यात. वातानुकूलन यंत्र किंवा आर्द्रताशोषक यंत्र असल्यास दारे-खिडक्या बंद करून रुग्णाच्या खोलीत ते चालवावे. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. काटा ६० च्या खाली राहील असे पाहावे.

अर्थात, यापैकी कोणताही उपाय श्वासातून घ्यावयाच्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. तरीही माझ्या व्यवसायबंधूंना विनंती अशी, की औषधाची मात्रा वाढविण्यापूर्वी रुग्णाच्या घराची भिंत कशी आहे, हेही एकदा विचारावे.