यादी, सूची आणि 'इंडेक्स टू'

नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडे सोयरीक जमली की पुढचा प्रश्न असतो, "याद्या कधी?" कपडे, भांडी, जेवणावळ, मानपान, कोणी काय करायचं ते दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर कागदावर उतरतं. त्याच बैठकीत अक्षता पडल्या तर ती 'यादी पे शादी'.

'लिस्ट'ला बोलीत यादी म्हणायचं आणि शुद्ध भाषेत सूची, असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे. यादी आली फारसी 'याद'वरून. याद म्हणजे आठवण. मोडी दप्तरांत टिपणाच्या कागदालाच 'याद' म्हणत. विसरू नये म्हणून लिहितो ती यादी. किराण्याची असो वा लग्नाची. सूचीचं काम वेगळं. हवी ती गोष्ट कुठे सापडेल, हे ती दाखवते. म्हणून शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची विषयवार नोंद केली, तिचं नाव 'मराठी ग्रंथसूची' आहे. नगरच्या १८३८ साली स्थापन झालेल्या जिल्हा वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात पाऊल टाकलं की हा फरक समजावून सांगावा लागत नाही. हजारो पुस्तकांची नुसती यादी हातात दिली, तर वाचक हवं ते पुस्तक शोधणार कसं?

अनुक्रमणिका आणि सूची एकच, हा आणखी एक घोळ. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकरणांच्या क्रमाने असते ती अनुक्रमणिका; शेवटी अकारविल्हे, पृष्ठांकांसह असते ती सूची.

खरं नुकसान होतं ते जमिनीच्या कागदांत. खरेदी झाल्यावर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून 'इंडेक्स टू' मिळतो आणि अनेकांना तेच खरेदीखत वाटतं. त्या कागदाच्या माथ्यावर मराठीत 'सूची क्र. २' असं छापलेलं असतं, ते वाचायला हवं. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५५ नुसार पहिली सूची व्यक्तींच्या नावांवरून लागते, दुसरी मिळकतीवरून. म्हणजे हा नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा आहे, दस्त नव्हे. खरेदीखताची नोंदलेली प्रत वेगळी जपायची असते.

तलाठी दप्तरातही हीच विभागणी दिसते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, एकत्र. तो एका गटाचा कागद: कब्जेदार कोण, बोजा किती, पीक कोणतं. आठ-अ हा खातेदाराचा उतारा: त्या गावात त्याच्या नावे कोणकोणते गट आहेत. "आठ-अ काढला, आता सातबारा कशाला?" असं विचारणाऱ्याला माणसावरून लावलेली माहिती मिळालेली असते, जमिनीवरून लावलेली नाही. त्या गटावर बँकेचा बोजा आहे का, हे सातबाराच्या इतर हक्कांत पाहावं लागतं.

आणि इंडेक्स टू हातात आला म्हणजे सातबारावर नाव लागलं, असंही नाही. त्यासाठी गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. खरेदी घेतलेल्याने फेरफार क्रमांक मागून घ्यावा आणि नवा सातबारा हाती येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा.