साऱ्याच्या रुपयामागे एक आणा

आरम नदीच्या काठी वसलेल्या सटाण्यात एका महसुली अंमलदाराचे मंदिर आहे, आणि वसुलीचे काम ज्याच्याकडे होते त्याच माणसाच्या नावाने यात्रा भरावी व रथ निघावा, हा प्रकार महाराष्ट्रात विरळाच म्हटला पाहिजे. यशवंत महादेव भोसेकर हे सटाण्याच्या बागलाण तालुक्याचे मामलेदार असताना १८७०-७१ च्या सुमारास दुष्काळ पडला, रयत अन्नाला मोताद झाली, तेव्हा कचेरीच्या खजिन्यातील १ लाख २७ हजार रुपये त्यांनी भुकेल्यांना वाटून टाकले, असे परंपरा सांगते. लोकांनी त्यांना ‘देव मामलेदार’ म्हटले. खजिना हा रयतेचा आहे व तो रयतेकडे परतला पाहिजे, ही या कथेच्या मुळाशी असलेली जाणीव मला कोणत्याही चमत्काराहून थोर वाटते. दुष्काळात तो धान्याच्या रूपाने परतला. एरवी तो ज्या अनेक रूपांनी परततो, त्यांपैकी सर्वांच्या पायाखाली येणारे रूप म्हणजे रस्ता होय.

त्याच सुमारास, १८६९ च्या कायद्याने, मुंबई इलाख्यात ‘लोकल फंड’ स्थिरावला. जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा ज्यादा घ्यावा आणि त्यातील दोन तृतीयांश रस्त्यांसाठी व उरलेला भाग शाळांसाठी राखावा, अशी ती योजना होती. म्हणजे सोळा रुपये सारा भरणाऱ्या शेतकऱ्याने जो एक रुपया वर दिला, त्यातले दहा आणे आठ पै रस्त्याच्या खाती पडत. पुढे मोटारी आल्या, बैलगाडीच्या चाकांसाठी बांधलेले खडीचे रस्ते त्यांच्या वेगाखाली उखडू लागले, आणि तो भार केवळ शेतसाऱ्याने पेलणे अशक्य झाले. या प्रश्नासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद मुकुंदराव जयकरांकडे, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेल्या त्याच जयकरांकडे होते. त्या समितीच्या शिफारशीनुसार १९२९ पासून पेट्रोलच्या गॅलनमागे दोन आणे रस्त्यांसाठी निराळे काढले जाऊ लागले. जो रस्ता झिजवील त्याने झीज भरून द्यावी, हे तत्त्व इंधनावरील उपकराच्या रूपाने आजही चालू आहे.

परंतु या इतिहासातील मला सर्वांत हृद्य वाटणारे प्रकरण १९७२ च्या दुष्काळाचे आहे. विहिरी आटल्या, शिवारे ओस पडली, आणि लाखो स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या कामावर गेले. त्यांच्या हातांनी फुटलेली खडी महाराष्ट्रातील कितीतरी रस्त्यांच्या पोटात आजही आहे. विसापूरच्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना टिकावी म्हणून १९७५ पासून व्यवसायकर बसविण्यात आला. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून कापलेली रक्कम कोरडवाहू मुलखातील मजुराच्या हाती पडे, आणि मजुराच्या घामातून बांध, तळी व रस्ते उभे राहत. त्या कारकुनाला तो मजूर कधी दिसला नसेल. तथापि दोघांना जोडणारा दुवा करपावतीचा होता.

आज ज्याच्या दारी वाहन नाही तोही रस्त्याचा धनी आहे, कारण एस. टी. च्या तिकिटात प्रवासी कर असतो आणि बाजारातून घरी आणलेल्या प्रत्येक जिनसेच्या किमतीत वाहतुकीच्या डिझेलवरचा कर मुरलेला असतो.

सटाण्यातून जाणारा विंचूर-प्रकाशा मार्ग बागलाणच्या संसाराचा आधार आहे. येथील ‘अर्ली’ द्राक्षे हंगामाआधी न्हावाशेवा बंदराकडे निघतात तेव्हा खड्ड्यांच्या हिसक्यांनी घडांचे मणी गळतात, डाळिंबाला डाग पडतो, कांद्याला मार बसतो, आणि हे नुकसान शेतकऱ्याच्या पट्टीत मुकाट्याने वजा होते. याउलट रस्ता चांगला असला की तो कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून त्याची वाखाणणी करायची तर त्याच्या कडांकडे पाहावे लागते. डांबराचा खरा वैरी पाणी आहे. बागलाणात जिथे काळी जमीन आहे, तिथे ती पावसात फुगते व उन्हात आकसते, आणि एकदा का पाणी भरावात मुरले की वरचा थर कितीही जाड असो, तो तडकतोच. रस्त्याचा मध्य किंचित उंच का ठेवतात, साइडपट्टीवर मुरूम का दाबतात, मृगापूर्वी गटारे व मोऱ्या का उपसतात, हे यावरून उमगावे. उन्हात व तापलेल्या डांबराजवळ उभे राहून ही कामे करणाऱ्या मजुरांविषयी मला नितांत आदर वाटतो.

मोसम आणि आरम नद्यांच्या खोऱ्यांतील ‘फड’ नावाच्या सामाईक पाटबागायतीने देखभालीची हीच शिस्त शतकानुशतके पाळली: पाटाचे पाणी सर्वांचे, म्हणून पाटातला गाळ काढणेही सर्वांचे, आणि पाटकऱ्याचा मोबदला सर्वांनी मिळून द्यायचा. अशी रीत ज्या मुलखात रुजली, तेथे कर आणि रस्ता यांचा संबंध कोणाला निराळा शिकवावा लागू नये.

रस्त्याच्या नव्या कामाच्या प्रारंभी सरकारी खाते एक फलक लावते. त्यावर कामाची रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता बिघडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करावयाची असते. येता-जाता हा फलक वाचावा, मुदत टिपून ठेवावी, आणि ती सरण्यापूर्वी पडलेल्या खड्ड्याविषयी बांधकाम खात्याकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी.